चार ते सात : कारकुनाने पूर्ण केलेली कादंबरी

आपल्याकडे गझल पूर्ण होते, कथा पूर्ण होते, कादंबरी मात्र अर्धी राहते. शेर एसटीत सुचतो आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा दुसरा मिसराही सापडतो. नज्म एका रात्रीत उतरते. कथेला दिवाळीच्या सुटीतले चार दिवस पुरतात. कादंबरीला वर्षे लागतात, आणि वर्षे कुणाकडेच नसतात. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम मित्रांमध्ये बसलो की पहिली साठ-सत्तर पाने लिहून झालेली वही बऱ्याच जणांकडे निघते. त्यात मोहल्ला असतो, दादीजान असते, फाळणीच्या वेळी गेलेला आणि कधीच परत न आलेला एखादा चुलता असतो. पुढे का लिहिले नाही असे विचारले की उत्तर ठरलेले असते : फुरसत मिळत नाही. नोकरी आहे, मुले आहेत, निवृत्त झालो की बघू.

हे उत्तर खोटे नाही. पण कादंबरीचा इतिहास पाहिला तर त्यात रिकाम्या माणसांपेक्षा नोकरदार माणसे जास्त भेटतात. शाळा तपासणारे, वर्तमानपत्र चालवणारे, सरकारी खात्यात फायली पुढे सरकवणारे. त्यांनाही फुरसत नव्हती. मग त्यांच्या कादंबऱ्या कशा पूर्ण झाल्या? हा प्रश्न मला लेखनाच्या तंत्रापेक्षा इतिहासाचा वाटतो. त्यातल्या एका माणसाची हकिकत मी इथे सविस्तर सांगणार आहे. पण त्याआधी आपल्याच दोन भाषांतली दोन उदाहरणे थोडक्यात.

कुणीतरी वाट पाहत होते

उर्दू कादंबरीची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात ते डेप्युटी नजीर अहमद शिक्षण खात्यातले अधिकारी होते. नावामागचे 'डेप्युटी' हे नोकरीतूनच आलेले. वायव्य प्रांतात शाळांची तपासणी करत ते फिरत असत. भारतीय दंड संहितेच्या उर्दू तर्जुम्यातही त्यांचा हात होता. घरात मुली वाचायला शिकल्या होत्या, पण त्यांच्या हाती देण्यासारखे पुस्तक त्यांना मिळेना. म्हणून ते स्वतःच लिहू लागले. थोडी पाने लिहायची, मुलींना द्यायची. मुली ती वाचून संपवायच्या आणि पुढची मागायच्या. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची गोष्ट अशी हप्त्याहप्त्याने वाढत गेली. दौऱ्यावर आलेले शिक्षण संचालक केम्पसन यांच्या नजरेस ते लिखाण पडले. १८६९ मध्ये 'मिरात-उल-उरूस' छापून निघाली आणि तिला सरकारने १००० रुपयांचे इनाम दिले. पुढच्या पाच वर्षांत 'बनात-उन-नाश' आणि 'तौबत-उन-नसूह' या दोन कादंबऱ्याही आल्या. आज असगरीचा आदर्शपणा आपल्याला थोडा जड वाटतो, तो भाग वेगळा. लक्षात घ्यायचे ते हे की फिरतीच्या नोकरीतल्या या माणसाचे लिखाण दोन मुलींनी चालू ठेवले. त्या वाट पाहत होत्या.

मराठीत हरी नारायण आपटे यांची वाट पाहणारे होते त्यांच्या साप्ताहिकाचे वाचक. 'करमणूक' १८९० मध्ये सुरू झाले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातच क्रमशः आली. अंक निघायचा म्हणजे प्रकरण द्यावेच लागे. संपादक तेच, लेखकही तेच. या पद्धतीने त्यांच्याकडून मोठे काम करवून घेतले, पण तिची दुसरी बाजूही आहे. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. बाहेरच्या मुदतीवर चालणारे लेखन ती मुदत थांबली की थांबू शकते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुढचे पान मागणाऱ्या मुली नाहीत आणि आपल्या प्रकरणासाठी कुठला अंकही अडलेला नाही. आपली कादंबरी झाली काय आणि न झाली काय, कुणालाच फरक पडत नाही. अशा माणसाने काय करावे? याचे उत्तर मला कैरोतल्या एका सरकारी कारकुनाकडे सापडते.

वक्फ खात्यातला माणूस

उर्दूत आपण त्यांना नजीब महफूज म्हणतो. इजिप्तच्या बोलीत जीमचा उच्चार 'ग' होतो, त्यामुळे तिकडे ते नगीब. ११ डिसेंबर १९११ रोजी जुन्या कैरोतल्या गमालिया मोहल्ल्यात त्यांचा जन्म झाला. सय्यदना हुसैन यांच्या मशिदीचा हा परिसर. अरुंद गल्ल्या, जाळीच्या खिडक्या, कहवाखाने. पुढे कुटुंब अब्बासिया या नव्या वस्तीत राहायला गेले, पण गमालिया त्यांच्या लिखाणातून कधी गेला नाही. १९१९ मध्ये इंग्रजांविरुद्ध इजिप्त उठला तेव्हा ते सात वर्षांचे होते. त्यांनी ते सगळे मुलाच्या डोळ्यांनी पाहिले.

१९३४ मध्ये ते कैरोतील विद्यापीठातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले आणि तिथेच कार्यालयात नोकरीला लागले. एम.ए.चा अभ्यासही सुरू केला होता. दोन वर्षे तत्त्वज्ञान की साहित्य अशी ओढाताण चालली आणि १९३६ च्या सुमारास त्यांनी तो अभ्यास सोडला. त्याआधी एक वर्ष ते कानून हे तंतुवाद्यही शिकले होते. तेही सुटले. त्यांच्या दिनक्रमाचा विचार करताना आपण सोडलेल्या गोष्टींकडे सहसा पाहत नाही. चार ते सात ही वेळ मोकळी झाली ती कशाला तरी 'नाही' म्हटल्यामुळे, आणि ज्यांना नाही म्हटले त्या वाईट गोष्टी नव्हत्या.

त्यांचे तत्त्वज्ञानाचे उस्ताद शेख मुस्तफा अब्दुर्रज्जाक वक्फमंत्री झाले तेव्हा त्यांनी या शिष्याला आपल्या खात्यात घेतले. शेखसाहेब नंतर अल-अझहरचे प्रमुखही झाले. मंत्री बदलत राहिले, महफूज मात्र १९३९ पासून पुढे दीड दशक वक्फ खात्यातच राहिले. यातला काही काळ त्यांच्याकडे कर्ज-ए-हसनाचे काम होते. कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी कर्ज हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जुन्या मोहल्ल्यातल्या गरीब बाया एखादी वस्तू तारण ठेवून पैसे न्यायला येत. घरातली अडचण सांगत, भांडत, रडत, हसत. आपल्याकडच्या एखाद्या लेखकाने या टेबलावर बसून 'माझे आयुष्य वाया चालले' असे म्हटले असते. महफूज यांना त्या टेबलाने माणसे दिली. 'खान अल-खलीली'चा नायक कारकून आहे. पुढे १९७५ मध्ये आलेल्या 'हजरतुल मुहतरम' या कादंबरीत दफ्तरखान्यातला एक कारकून महासंचालकाच्या खुर्चीसाठी सगळे आयुष्य खर्च करतो. असा माणूस बाहेरून बघून लिहिता येत नाही.

वेळापत्रक

आता त्यांचा दिवस पाहू. मुलाखतीत त्यांनी स्वतःच तो सांगून ठेवला आहे. सकाळी आठ ते दुपारी दोन कार्यालय. घरी येऊन जेवण आणि विश्रांती. चार ते सात लेखन. सात ते दहा वाचन. शुक्रवार सोडून रोज. झाले. यात पहाटे तीनला उठणे नाही, रात्र जागवणे नाही, डोंगरावरचा बंगला नाही. आपल्या शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या वेळापत्रकापेक्षा यात काही वेगळे नाही. आठवी तासिका संपली की घंटा होते, तशी सात वाजता त्यांची घंटा होत असे.

या वेळापत्रकातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, लेखनाला सुरुवातीची वेळ होती तशी संपायचीही वेळ होती. 'आज रंग चढलाय, रात्रभर लिहू' याला तिथे जागा नव्हती. रात्रभर लिहिणारा माणूस दुसऱ्या दिवशी लिहीत नाही, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो जागरणाची भरपाई करतो, तिसऱ्या दिवशी पाहुणे येतात, आणि चौथ्या दिवशी आधी काय लिहिले होते ते वाचण्यातच वेळ जातो.

दुसरी गोष्ट, लेखनाइतकाच वेळ वाचनाला होता. तीन तास द्यायचे आणि तीन तास घ्यायचे. खात्याच्या गौरी ग्रंथालयात काम करताना त्यांनी प्रूस्तची महाकाय कादंबरी वाचली. आपल्याकडे लिहायला लागलेला माणूस वाचणे थांबवतो. वर तो सांगतो की दुसऱ्याचा प्रभाव पडू नये म्हणून मी वाचत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. ते बारा महिने लिहीत नसत. विद्यार्थिदशेपासून त्यांना डोळ्यांचा विकार होता. उन्हाळ्याची चाहूल लागली की डोळे सुजत, चुरचुरत. म्हणून लेखन ऑक्टोबर ते एप्रिल. उरलेल्या महिन्यांत लेखन बंद. त्यांनी डोळ्यांशी भांडण केले नाही, वेळापत्रकातच त्यांना जागा दिली.

आम्ही शिक्षक याच्या नेमके उलट करतो. वर्षभर लिहीत नाही आणि म्हणतो, मे महिन्याच्या सुटीत कादंबरी पूर्ण करू. मग मे महिना येतो. निकालपत्रके संपतात तोवर लग्ने सुरू होतात, गावी जाणे होते, पाण्याची टंचाई असते, आणि जूनमध्ये पाठ्यपुस्तके वाटायची वेळ येते. महफूज यांची सुटी न लिहिण्यासाठी होती. त्यांच्या कादंबऱ्या कामाच्या दिवसांत लिहिल्या गेल्या, ज्या दिवशी कार्यालयातही जायचे होते अशा दिवसांत.

थोडा हिशेब करून पाहू. तीन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १८ तास. ऑक्टोबर ते एप्रिल साधारण ३० आठवडे. वर्षाला फार तर ५४० तास. एवढ्यावर त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या आणि शेकडो कथा लिहिल्या. आपल्याला तीन तास मिळणार नाहीत, मान्य. पाऊण तास धरू, आठवड्याचे पाच दिवस, वर्षातले ४० आठवडे. १५० तास होतात. तासाला २०० शब्द लिहिले तर वर्षात ३०,००० शब्द. दोन वर्षांत मध्यम आकाराची कादंबरी उभी राहते. ती चांगली असेलच असे नाही. पण पूर्ण झालेलीच कादंबरी सुधारता येते.

आधीच्या तीन, आणि मग चाळीस

चांगली असेलच असे नाही, हे महफूज यांनाही भोगावे लागले. त्यांनी सुरुवातीच्या कादंबऱ्या सलामा मूसा या संपादक-विचारवंताला दाखवल्या. मूसांनी एकामागून एक तीन नाकारल्या. मुलात गुण आहे, पण हे छापण्याजोगे नाही, असे त्यांचे मत. चौथी त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केली. ती प्राचीन इजिप्तवर होती. वॉल्टर स्कॉटने स्कॉटलंडचा इतिहास जसा कादंबऱ्यांतून मांडला तसा आपण फिरऔनांपासूनचा इजिप्तचा इतिहास मांडायचा, अशी त्यांची योजना होती. चाळीसेक कादंबऱ्यांचे विषयही ठरवले होते. तीन लिहून झाल्यावर, १९४४ नंतर, त्यांनी ही योजनाच सोडली आणि ते आपल्या काळाकडे, आपल्या गल्लीकडे वळले. 'मिदाक गल्ली' १९४७ मध्ये आली.

मला हा प्रसंग फार शिकवणारा वाटतो. चाळीस कादंबऱ्यांची योजना मोडली, पण चार ते सात मोडले नाही. आपण नेमके उलटे वागतो. विषय जमेना की बसणेच सोडतो. विषय बदलता येतो, बसण्याची वेळ बदलली की सगळेच हातचे जाते.

याच वेळेतून त्यांची मोठी कादंबरी आली. कैरोतला व्यापारी अहमद अब्दुल जव्वाद, त्याची बीवी अमीना, पाच मुले, मग नातवंडे. पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा काळ. पात्रे इतकी की कोण कसा बोलतो, कुणाचे वय किती, कोण कुणाचा काय, हे डोक्यात ठेवणे अशक्य. म्हणून त्यांनी प्रत्येक पात्राची स्वतंत्र फाईल ठेवली. खात्यातल्या सवयीने इथे हात दिला असावा. आम्ही पाठ टाचण काढतो तसेच हे. टाचण काढले म्हणून तास रंगतोच असे नाही, पण मध्येच 'काल कुठवर आलो होतो' असे मुलांना विचारण्याची वेळ येत नाही. मोडत-तुटत मिळालेल्या वेळात लिहिणाऱ्याला अशा टाचणाची गरज जास्त. मंगळवारी सुटलेला धागा गुरुवारी हातात घ्यायचा असेल तर तो कुठे ठेवला आहे ते लिहून ठेवलेले बरे.

एप्रिल १९५२ मध्ये ही कादंबरी पूर्ण झाली. हाताने लिहिलेली, हजाराहून अधिक पाने. प्रकाशकाने गठ्ठा बघूनच हात वर केले. एवढे छापायचे कसे आणि विकायचे कसे? इतक्या वर्षांचे काम घेऊन लेखक घरी परतला. तीन महिन्यांनी, जुलैमध्ये, इजिप्तमध्ये क्रांती झाली आणि राजा गेला. ज्या जुन्या समाजाची चिकित्सा आपण करत होतो तोच संपला, आता लिहायचे काय, असे महफूज यांना वाटू लागले. पुढची काही वर्षे त्यांनी एकही कादंबरी लिहिली नाही. सिनेमासाठी पटकथा लिहिल्या. याच काळात, १९५४ मध्ये, त्यांनी निकाह केला. वय ४२.

ते बाड कपाटातून निघाले ते १९५४ मध्ये. यूसुफ अस-सिबाई यांनी 'अर-रिसाला अल-जदीदा' हे मासिक सुरू केले आणि त्यात ते क्रमशः छापायला घेतले. वाचकांचा प्रतिसाद बघून प्रकाशकही पुढे आला. एकाची तीन पुस्तके करायची ठरली. १९५६ आणि १९५७ मध्ये 'बैन अल-कसरैन', 'कसर अश-शौक' आणि 'अस-सुक्करिया' अशी गल्ल्यांची नावे घेऊन तीन खंड निघाले. कैरो त्रयी म्हणून जग त्यांना ओळखते. १९८८ चे नोबेल जाहीर झाले तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. स्वीकारायला स्वतः गेले नाहीत, दोन मुलींना पाठवले.

अमीनाची वेळ

इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुपारी दोनला घरी आलेल्या या माणसाचे जेवण कोण वाढत होते? निकाहापर्यंत महफूज आईजवळ राहत होते. भाजी आणणे, स्वयंपाक, धुणे, आल्यागेल्याचे बघणे यातले त्यांच्या वाट्याला फारसे आले नसणार. चार ते सात हे तीन तास त्यांच्या शिस्तीने मिळाले हे खरे, पण घराने ते त्यांच्यासाठी राखले हेही तितकेच खरे.

गंमत अशी की हे त्यांना ठाऊक होते. त्रयीची सुरुवातच अमीनापासून होते. मध्यरात्री तिला आपोआप जाग येते. घड्याळ नाही, गजर नाही, वर्षांची सवय. नवरा मैफलीतून परतेल तेव्हा दिवा धरायला आणि त्याचे जोडे उतरवायला तिला जागे असावे लागते. अख्ख्या घरात सर्वांत काटेकोर दिनक्रम तिचा आहे, पण त्या दिवसातला एकही तास तिचा नाही. एकदा ती सय्यदना हुसैन यांच्या जियारतीला नवऱ्याला न विचारता जाते, आणि त्यापायी तिला घराबाहेर काढले जाते. शिस्त तिच्याकडे होती. नव्हता तो वेळेवरचा हक्क.

आपल्या समाजातल्या लिहिणाऱ्या बहिणींना 'रोज ठरलेल्या वेळी बसा' असे सांगताना हे विसरून चालणार नाही. शाळेतून येऊन पुन्हा चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेला सल्ल्यापेक्षा घरातल्या कुणीतरी 'आजची रोटी मी बघतो' असे म्हणण्याची गरज जास्त आहे. नजीर अहमद यांच्या मुलींनी बापाला पाने मागितली, तशी घरातल्या मुलांनी अम्मीला मागून बघावी. आपल्या वह्यांतल्या अर्ध्या कादंबऱ्यांत किती बायकांच्या आहेत आणि त्या कितव्या पानावर थांबल्या आहेत, हा प्रश्न पुरुषांनी घरी विचारायला हरकत नाही.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

महफूज यांच्या नियमितपणावर मित्र विनोद करत. त्यांच्या येण्याजाण्यावर घड्याळ लावावे म्हणत. सकाळी पायी चालत ठरलेल्या कहवाखान्यात जायचे, वर्तमानपत्र वाचायचे. गुरुवारी 'हराफीश' या दोस्तमंडळीची बैठक. शुक्रवारी साहित्यिकांची मजलिस. म्हणजे शुक्रवारी लेखन नसले तरी शुक्रवारचेही वेळापत्रक होते. आठवडाभर एकटे बसणाऱ्याला एक दिवस माणसांत बसावे लागते.

१९५९ मध्ये 'अवलाद हारतिना' ही त्यांची कादंबरी 'अल-अहराम'मध्ये क्रमशः आली. तिच्यातल्या पात्रांत नबींची रूपके आहेत या कारणाने अल-अझहरच्या आलिमांनी आक्षेप घेतला. संपादकाने ती शेवटपर्यंत छापली, पण त्यांच्या हयातीत इजिप्तमध्ये ती पुस्तकरूपाने निघाली नाही. बैरूतमध्ये १९६७ साली निघाली. महफूज यांनी हा निर्णय भांडण न करता स्वीकारला आणि ते पुढच्या कादंबरीला लागले. आक्षेप घेण्याचा आलिमांचा हक्क मी मानतो. तो पुस्तकाने आणि लेखाने घ्यावा. पण पस्तीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९९४ रोजी, एका तरुणाने ८२ वर्षांच्या या म्हाताऱ्याच्या मानेत सुरा खुपसला. मजलिसला जाण्यासाठी ते घराबाहेर दोस्ताच्या गाडीत बसत होते. दिवस शुक्रवार. ते कुठल्या दिवशी कुठे जातात हे सगळ्या शहराला ठाऊक होते. पोलीस पहारा त्यांनी आधीच नाकारला होता. हल्लेखोराने ती कादंबरी वाचलेलीच नव्हती.

ते वाचले, पण मानेतल्या नसा दुखावल्याने उजवा हात गेल्यात जमा झाला. साठ वर्षे लिहिणाऱ्या हाताला पेन धरवेना. मग त्यांनी काय केले? वही घेतली आणि कित्ता गिरवायला लागले. पहिलीच्या मुलासारखा. स्वतःचे नाव, मुलींची नावे, एखादे वाक्य. अक्षरे एकमेकांवर चढत, ओळ घसरत खाली जाई. ते रोज थोडा वेळ बसत. अशा कितीतरी वह्या भरल्या. पुढे त्या 'सरावाच्या वह्या' म्हणून प्रसिद्धही झाल्या. नोबेल मिळालेला माणूस वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी अलिफपासून सुरुवात करतो, हे मी वर्गात मुलांना सांगतो तेव्हा ज्याचे अक्षर सर्वांत वाईट आहे तो मुलगा मान वर करून ऐकतो.

काही वर्षांनी हात थोडा वळला. कादंबरी आता शक्य नव्हती. नजर अधू, ऐकू येत नव्हते, हात दमत होता. म्हणून त्यांनी हाताला झेपेल एवढे लिहिले. चार-पाच ओळींची स्वप्ने. 'अहलाम फतरत अन-नकाहा', म्हणजे बरे होतानाच्या दिवसांतली स्वप्ने, या नावाने ती एका साप्ताहिकात येऊ लागली. हाताने जमेना तेव्हा सांगून लिहवली. ३० ऑगस्ट २००६ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वह्यांसाठी

अल्लाहला ती कामे जास्त प्रिय असतात जी सातत्याने होतात, मग ती थोडी का असेनात, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती इबादतीबद्दल आहे आणि इबादतीचा दर्जा मी लेखनाला देत नाही. पण दिवसाचे पाच तुकडे करून त्यांच्या वेळा सांभाळण्याची ज्याला सवय आहे, त्याला सहावी वेळ सांभाळणे अवघड जाऊ नये. असर आणि मगरिबच्या मध्ये शाळा सुटलेली असते आणि रात्रीचा स्वयंपाक सुरू व्हायचा असतो. कुणाला फज्रनंतरचा वेळ सोयीचा, कुणाला इशानंतरचा. महफूज यांचे चार ते सात आपल्याला जसेच्या तसे चालणार नाही. घ्यायचे ते एवढेच : वेळ ठरलेली असावी, ती झेपेल एवढीच असावी, तिला शेवट असावा, वर्षातले न लिहिण्याचे महिनेही ठरलेले असावेत, आणि पात्रांचे टाचण वहीत असावे. प्रकाशक मिळेल की नाही याचा विचार त्या वेळेत करायचा नाही. त्रयी दोन वर्षे कपाटात होती आणि तिचे काही बिघडले नाही, कारण ती पूर्ण होती.

मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, खानदेशातल्या आपल्या मोहल्ल्यांची भाषा झपाट्याने बदलते आहे. दादीजानची दखनी मिसळलेली मराठी बोलणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. ती बोली, ते हुन्नर, त्या पोलीस ॲक्शनच्या आणि गिरणी संपाच्या आठवणी आज कुणाच्या तरी अर्ध्या वहीत पडून आहेत. आपण निवृत्त होईपर्यंत त्या सांगणारे थांबणार नाहीत. ज्यांची वही सत्तराव्या पानावर थांबली आहे त्यांनी उद्यापासून पाऊण तास ठरवावा. पहिल्या आठवड्यात नवे काही लिहू नये. ती सत्तर पाने वाचून प्रत्येक पात्राचे एक पान टाचण काढावे. दुसऱ्या आठवड्यात एकाहत्तरावे पान.